नांगर न टाकता: तांबड्या समुद्राच्या उत्तर टोकाची सफर

शर्म अल शेखच्या धक्क्यावरून निघालेली बोट रास मोहम्मदच्या टोकाला वळसा घालते, सुएझच्या आखाताचे तोंड ओलांडते आणि गुबालच्या सामुद्रधुनीतून आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या हुरघडाकडे येते. डायव्हिंगच्या बोटी या भागाला नुसते ‘उत्तर’ म्हणतात. सिनाई द्वीपकल्पामुळे तांबड्या समुद्राला इथे दोन फाटे फुटले आहेत. पश्चिमेचे सुएझचे आखात उथळ आहे, बहुतेक ठिकाणी शंभर मीटरही खोल नाही. पूर्वेचे अकाबाचे आखात अठराशे मीटरांहून खोल आहे. दोन्ही तीरांवर उघडेबोडके डोंगर आणि वाळवंट. एकही नदी या पाण्याला मिळत नाही, म्हणून गाळ येत नाही आणि उन्हाची तिरीप खोलवर पोचते. २७ ते २८ अंश उत्तर अक्षांशावर, जिथे हिवाळ्यात डेकवर जाड लोकर अंगावर घ्यावी लागते, तिथे पाण्याखाली प्रवाळांची इतकी दाट वस्ती असावी हे नवलच आहे. जगातल्या सर्वांत उत्तरेकडच्या प्रवाळभित्तींमध्ये यांची गणना होते. या भित्ती आणि त्या पाहायला माणसे आणणाऱ्या बोटी यांच्या नात्याबद्दल मला एकच मुद्दा मांडायचा आहे. प्रवाळांना होणाऱ्या सगळ्या इजांमध्ये बोटींमुळे होणारी इजा टाळायला सर्वांत सोपी आहे, आणि ती टळते की नाही हे बोट कशाला बांधली जाते यावर ठरते. पाण्यात उतरणाऱ्यांचा चांगुलपणा हा त्यानंतरचा विषय.

आधी या ठिकाणाचे मोल. प्रवाळ म्हणजे लहान प्राण्यांची वसाहत. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते आणि सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून यजमानाला देते. पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा अंशभर जरी जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर ही भागीदारी मोडते. शैवाल बाहेर टाकले जाते, प्रवाळ पांढरे पडते आणि पुष्कळदा मरते. जगभरच्या भित्ती या उंबरठ्याच्या अगदी कडेला उभ्या आहेत. अकाबाच्या आखातातले प्रवाळ मात्र या उंबरठ्यापासून बरेच दूर असल्याचे संशोधकांना आढळले. माओझ फाइन आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली त्याचे कारण मांडले. शेवटच्या हिमयुगात तांबडा समुद्र अतिशय खारट झाला होता. नंतर समुद्राची पातळी वाढली आणि प्रवाळांच्या अळ्या दक्षिणेच्या बाब अल मंदब सामुद्रधुनीतून पुन्हा आत आल्या. ते दक्षिणेचे पाणी भट्टीसारखे तापलेले. जे वंश ती उष्णता सोसू शकले तेच पिढ्यान्‌पिढ्या सरकत उत्तरेला पोचले, आणि उत्तरेचे पाणी तुलनेने थंड. म्हणजे अंगात सोसण्याची ताकद आहे आणि ती पणाला लावावी लागेल असा ताप अजून पुरता वाट्याला आलेला नाही. हे कवच अभेद्य नाही. हुरघडाकडे आणि त्याच्या दक्षिणेला प्रवाळ पांढरे पडल्याच्या नोंदी आहेत. तरीही या शतकाच्या अखेरीस जगात कुठे जिवंत प्रवाळभित्ती उरली, तर ती या उत्तर टोकाला असण्याची शक्यता मोठी आहे. आता सगळेच मरणार, मग दोन फांद्या मोडल्या तर काय बिघडले, हा युक्तिवाद म्हणूनच इथे उलटा फिरतो. उष्णतेतून जे वाचणार आहे ते लोखंडाने मोडणे हे शुद्ध नुकसान आहे.

लोखंड काय करते हे नीट पाहायला हवे, कारण नांगराची इजा वरून दिसत नाही. नांगर पडतो तेव्हा त्याच्या खाली आलेले मोडतेच, पण खरा घात साखळी करते. वारा जरासा फिरला की बोट झुलते, आणि तळावर पडलेली साखळी कमानीसारखा पट्टा झाडून काढते. नांगर हातभर जागेत रुतलेला असतो, साखळीखाली आलेली जागा त्याच्या कित्येक पट असते. फांदीदार प्रवाळ वर्षाला काही सेंटिमीटर वाढते. गोलाकार, घट्ट बांध्याचे पोरायटीस जातीचे प्रवाळ जेमतेम एक सेंटिमीटर. माणसाच्या उंचीचा असा गोळा घडायला दीड शतकाहून अधिक काळ लागतो, आणि तो उलथून पडायला एक ओढ पुरते. त्याहून वाईट म्हणजे मोडलेल्या तुकड्यांचा खच. लाटेबरोबर हे तुकडे घरंगळत राहतात. अळ्यांना चिकटायला स्थिर पृष्ठ लागते, आणि या हलत्या खचावर बसलेली कोवळी वसाहत चिरडली जाते. त्यामुळे नांगराने उघडी पाडलेली जागा दशकानुदशके उघडीच राहते. वाळूत नांगर टाकला तर काय हरकत, असे विचारले जाते. मोकळी, रुंद आणि बेताच्या खोलीची वाळू असेल तर काहीही हरकत नाही. पण या फेरीतल्या अनेक भित्ती सरळ खोल पाण्यात उतरतात. मधे वाळूचे जे तुकडे असतात ते अरुंद, आणि नांगर धरायला खोलीच्या कितीतरी पट साखळी सोडावी लागते. नांगर वाळूत आणि साखळी प्रवाळावर, असाच तो प्रकार होतो.

रास मोहम्मद हे इजिप्तचे पहिले राष्ट्रीय उद्यान. सिनाई परत मिळाल्याच्या दुसऱ्याच वर्षी, १९८३ साली, ते जाहीर झाले. द्वीपकल्पाच्या अगदी टोकाला शार्क रीफ आणि योलांडा रीफ ही दोन शिखरे पाण्याखाली उभी आहेत. त्यांच्या बाहेरच्या बाजूची भिंत शेकडो मीटर खोल जाते आणि प्रवाह जोरात वाहतो. इथे बोट बांधायचा प्रश्नच नसतो. ती प्रवाहाच्या वरच्या अंगाला माणसे सोडते, माणसे भिंतीकडेने वाहत जातात, आणि ती नारिंगी फुगा वर सोडतात तिथे बोट त्यांना उचलते. नांगर नाही, दोर नाही, तळाला कशाचाही स्पर्श नाही. निव्वळ प्रवाळाच्या बाजूने पाहिले तर ही सर्वोत्तम पद्धत. पण ती सगळीकडे चालत नाही. प्रवाहात वाहायला डायव्हरला सराव लागतो. इंजिन चालू ठेवावे लागते, म्हणजे डिझेल जळते, आणि माणसे पाण्यात असताना पंखा फिरत राहणे हा स्वतःच एक धोका असतो. नवशिक्यांनी भरलेली बोट प्रवाहात सोडणे बेजबाबदारपणाचे ठरेल. म्हणून बांधण्याचा विचार करावाच लागतो.

बांधायचे कशाला, याचे एक चुकीचे उत्तर शाब अली इथे तीस मीटर खोलीवर पडलेले आहे. थिसलगॉर्म हे ब्रिटिश मालवाहू जहाज ६ ऑक्टोबर १९४१ रोजी जर्मन बॉम्बहल्ल्यात बुडाले. नऊ माणसे गेली. पोटात मोटरसायकली, ट्रक, दारूगोळा आणि डेकवर रेल्वेची इंजिने होती. पन्नाशीच्या दशकात सागरसंशोधक कुस्तो यांच्या पथकाने ते शोधले आणि नव्वदीनंतर ते जगातल्या सर्वांत गजबजलेल्या बुडीत जहाजांपैकी एक झाले. वर्षानुवर्षे इथे बोट आली की एक जण दोर घेऊन खाली जायचा आणि तो जहाजाच्या कठड्याला, खांबाला नाहीतर वायुवीजनाच्या नळीला बांधायचा. हे तर गंजके लोखंड, प्रवाळ थोडेच आहे, असे याचे समर्थन केले जाते. ते मला पटत नाही. ऐंशी वर्षे पाण्यात असलेले लोखंड ही एव्हाना भित्तीच झालेली असते. त्यावर मऊ प्रवाळांचे घोस आणि कठीण प्रवाळांचे थर असतात, आणि लाटेवर वरखाली होणारा ताणलेला दोर ते खरवडून टाकतो. शिवाय गंजलेला पत्रा तीस-चाळीस मीटर लांबीच्या बोटीचा झटका किती काळ सोसणार? कठडे उपटले गेले आहेत, पत्रे फाटले आहेत. एका बोटीला दुसरी, दुसरीला तिसरी अशा बांधल्या की सगळ्यांचा भार त्या एकाच गाठीवर येतो. २००७ च्या सुमारास काही काळ हे जहाज डायव्हिंगसाठी बंद ठेवून भोवती कायमचे बोये बसवले गेले. ते फार टिकले नाहीत. त्या जागेच्या मानाने तेवढी बांधणी आणि देखभाल पुरी पडली नाही, हा त्यातला खरा धडा. बोया ही एकदा बसवून विसरण्याची वस्तू नव्हे.

याउलट अबू नुहासला निसर्गाने आणि बोटवाल्यांनी मिळून जी रीत लावली आहे, ती मला फार शहाणपणाची वाटते. ही त्रिकोणी भित्ती सुएझच्या जलमार्गाच्या कडेला पाण्याच्या पातळीला लागून दडलेली आहे आणि तिने अनेक जहाजे खाल्ली आहेत. त्यांतले सर्वांत जुने म्हणजे पी अँड ओ कंपनीचे कर्नाटिक. सुएझहून मुंबईला निघालेले हे जहाज सप्टेंबर १८६९ मध्ये इथे चढले, सुएझ कालवा उघडायच्या अवघे दोन महिने आधी. दीड दिवस ते तसेच अडकून राहिले, मग मोडले आणि एकतीस माणसे गेली. मुंबईचे टपाल आणि नाणी घेऊन निघालेल्या त्या जहाजाच्या फासळ्यांवर आज दीडशे वर्षांची प्रवाळवाढ आहे. या सगळ्या जहाजांचे अवशेष भित्तीच्या उत्तर अंगाला आहेत. तांबड्या समुद्राच्या या भागात वर्षाचा बहुतेक काळ वारा उत्तर-वायव्येकडून वाहतो, आणि त्या बाजूला लाट थेट आदळते. म्हणून मोठ्या बोटी दक्षिणेच्या आडोशाला, ठरलेल्या जागी बांधल्या जातात, आणि माणसे रबरी झोडियाकमधून वळसा घालून अवशेषांवर सोडली जातात. शंभर टनांची बोट शांत पाण्यात एका जागी, आणि नाजूक जागेवर जाते ती हलकी होडी, जी बांधावी लागतच नाही. कर्नाटिकवरचे मऊ प्रवाळ अजून डवरलेले आहेत, त्यात या रीतीचा वाटा आहे असे मी मानतो. या आडोशाला एक अट मात्र आहे. उत्तरेचा वारा असेतो बोट भित्तीपासून दूर, दक्षिणेकडे लोंबते. वारा पडला किंवा दक्षिणेचा झाला की तीच बोट भित्तीवर येते. म्हणून मागच्या बाजूने दुसरा दोर, रात्रभर डेकवर जागा माणूस आणि वारा फिरताच दोर सोडून निघण्याची तयारी, या तीन गोष्टी चांगल्या कप्तानाकडे असतातच.

हुरघडाला पोचले की या प्रश्नाचा इतिहासच समोर येतो. ऐंशीच्या दशकापर्यंत हे मच्छीमारांचे आणि तेलकामगारांचे गाव होते. मग हॉटेले आली आणि बोटी आल्या. त्या शेकड्यांनी वाढल्या आणि जवळच्या भित्तींवर रोज नांगर पडू लागले. १९९२ साली इथल्या डायव्हिंग व्यावसायिकांनीच एकत्र येऊन हेपका ही संस्था काढली आणि बोये बसवायला सुरुवात केली. स्थानिक अरबीत त्याला शमंदुरा म्हणतात. मेलेल्या, घट्ट चुनखडीच्या कातळात ड्रिलने भोक पाडायचे, त्यात पोलादी कडी सिमेंटने पक्की करायची, कडीपासून दोर वर आणायचा, तो तळाला घासू नये म्हणून मधे पाण्याखाली एक फुगा बांधायचा, आणि पृष्ठभागावर बोया. फ्लोरिडात ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला जॉन हालस यांनी रूढ केलेली ही पद्धत. वाळू असेल तिथे काँक्रीटचा ठोकळा किंवा जमिनीत फिरवून बसवायचा लोखंडी स्क्रू. हेपकाचे आज हजाराहून अधिक बोये आहेत आणि ही जगातल्या सर्वांत मोठ्या व्यवस्थांपैकी एक मानली जाते. मला यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की मागणी बोटवाल्यांकडूनच आली. ज्याचे पोट भित्तीवर आहे त्याला भित्ती मोडताना सर्वांत आधी दिसते. पण शमंदुऱ्याचा दोर उन्हाने कुजतो, पंख्यात सापडून कापला जातो, दोर जोडणारी कडी, म्हणजे शॅकल, झिजते. तुटलेला बोया नुसता निरुपयोगी नसतो, तो घातक असतो. ठरलेल्या जागी येऊन दोर सापडला नाही की कप्तान हाती लागेल त्या कातळाला बोट बांधतो, आणि बऱ्याचदा तो कातळ जिवंत असतो. म्हणून बोयांची संख्या ऐकून मी समाधान मानत नाही. ते शेवटचे कधी तपासले आणि त्यासाठी पैसा कुठून येतो, हे विचारले पाहिजे.

याहून गंभीर आक्षेप असा की बोया गर्दीला आमंत्रण देतो. बांधायला सोपी जागा झाली की बोटी वाढतात, बोटी वाढल्या की पाण्यातली माणसे वाढतात, आणि नांगराची जागा पायांतल्या फिनचे फटके घेतात. हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळता येत नाही. ज्युली हॉकिन्स आणि कॅलम रॉबर्ट्स यांनी शर्मच्या परिसरातल्या भित्तींचा अभ्यास करून १९९७ साली असा अंदाज दिला की एका जागेला वर्षाला पाच-सहा हजार बुड्या सोसतात. त्यापुढे मोडतोड झपाट्याने वाढते. पाच हजार म्हणजे दिवसाला चौदा माणसे, एका मध्यम बोटीची एक बुडी. अकाबाच्या आखाताच्या टोकाला एलातच्या काही जागांवर वर्षाला तीस हजारांहून अधिक बुड्या मोजल्या गेल्या आहेत. तेव्हा बोया ही निम्मीच गोष्ट आहे. दुसरी निम्मी म्हणजे त्या बोयावर एका वेळी किती आणि केवढ्या बोटी, हा आकडा. कॅरिबियनमधल्या बोनेअरने १९७९ साली सागरी उद्यान केले, नांगर टाकण्यावर बंदी घातली, बोये बसवले आणि देखभालीसाठी प्रत्येक डायव्हरकडून शुल्क घेतले. बंदी, बोया आणि शुल्क या तीन गोष्टी तिथे एकत्र आल्या म्हणून ते जमले. तांबड्या समुद्रात बोये आहेत, नियमही आहेत, पण सकाळी नऊ वाजता एकाच जागी पंधरा बोटी एकमेकींना बांधलेल्या दिसतात, तेव्हा कमी पडते ती मोजणी. वेळा वाटून देणे, सराव आणि प्रशिक्षणाच्या बुड्या वालुकामय उथळ खाडीत नेणे, काही भित्ती हंगामभर बंद ठेवणे हे उपाय कुणाला अपरिचित नाहीत. ते करायला बंदरात बसलेला असा माणूस लागतो, ज्याचे ‘नाही’ कप्तान ऐकेल.

बोटीवरच्या माणसांबद्दल एक निष्कर्ष मला फार आशादायक वाटतो. रास मोहम्मदमध्येच झालेल्या आणि १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात डायव्हरांना प्रवाळाबद्दल थोडक्यात समजावून सांगण्यात आले. जिवंत काय, मेलेले काय, हात कुठे टेकला तर चालेल, एवढेच. आधी एक डायव्हर सात मिनिटांत सरासरी १.४ वेळा प्रवाळाला स्पर्श करत होता. नंतर ते प्रमाण ०.४ वर आले. म्हणजे बहुतेक लोक बेफिकिरीने नव्हे, अजाणतेपणी मोडतात. पण हे सांगायची जागा बोटीचा डेक आहे आणि सांगणारा बोटीने नेमलेला गाइड. तेव्हा हेही बोटीचेच काम. तसेच सांडपाण्याचे. आठवडाभर समुद्रावर राहणाऱ्या बोटीवर वीस-पंचवीस प्रवासी आणि दहा-बारा खलाशी असतात. त्यांचा मैला भित्तीच्या आडोशाला, बांधलेल्या अवस्थेत सोडला तर पोषक द्रव्यांनी शेवाळ माजते आणि प्रवाळाची जागा घेते. बोटीत साठवण टाकी असावी, आणि ती रिकामी करायची सोय धक्क्यावर असावी. टाकी आहे पण सोय नाही, अशा वेळी रात्री झडप उघडली जाते.

आता राहिला सर्वांत मोठा आक्षेप. हुरघडाच्या किनाऱ्यावर हॉटेलांसाठी समुद्रात भराव टाकले गेले, किनाऱ्याला लागून असलेल्या भित्ती त्याखाली गाडल्या गेल्या, आणि गाळाने शेजारच्या गुदमरल्या. त्यापुढे नांगराचे ओरखडे ते काय? हे मी मान्य करतो. भरावाने केलेले नुकसान बोटींच्या नुकसानापेक्षा मोठे आहे. पण भराव किनाऱ्याला चिकटून असतो, आणि बोट अबू नुहासला, शाब अलीला, हुरघडासमोरच्या गिफ्तून बेटांच्या पलीकडे, जिथे दुसरी कुठलीही मानवी इजा सहसा पोचत नाही तिथे पोचते. दुसरे असे की भराव काढता येत नाही, तापमान एका बंदराच्या हाती नाही, पण नांगर वर घेणे उद्या सकाळी शक्य आहे. गरीब कप्तानावर सगळा बोजा टाकू नये, हेही खरे. त्याला मालकाने ठरवलेल्या वेळेत ठरलेल्या जागा दाखवायच्या असतात. म्हणून बोयाचा खर्च प्रवाशाने द्यावा, आणि वादळात आसऱ्याला येणाऱ्या बोटींसाठी सुरक्षित खाड्यांत जास्तीचे बोये असावेत. जीव वाचवायला नांगर टाकावा लागला तर कोणी बोलू नये. रोजच्या जेवणाच्या वेळी टाकलेल्या नांगराला ही सबब लागू होत नाही.

आपल्याकडच्या मालवणच्या पाण्याशी याची तुलना करताना जपून बोलायला हवे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे प्रवाळ विरळ आहेत, पाणी गढूळ असते, आणि तांबड्या समुद्रासारख्या भिंती इथे नाहीत. पण १९८७ साली सुमारे २९ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य इथे जाहीर झाले, कठीण प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, आणि त्याच कातळांवर हंगामात पर्यटकांना स्कूबासाठी नेणाऱ्या होड्या उभ्या राहतात. होडी लहान असली तरी तिचा नांगर लोखंडीच असतो, आणि विरळ वस्तीत एक वसाहत मोडणे हे दाट वस्तीतल्यापेक्षा मोठे नुकसान आहे. तांबड्या समुद्राच्या उत्तर टोकाला वाऱ्याची दिशा बहुतेक वर्षभर एकच राहते. कोकणात मे अखेरीला समुद्र सगळे उपसून काढतो, म्हणून इथले बोये वर्षभर पाण्यात ठेवता येणार नाहीत. कातळातली कडी कायमची असेल, पण दोर आणि बोया पावसाळ्याआधी काढावे लागतील, आणि नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळला की कड्या तपासून पुन्हा लावावे लागतील. कुठला कातळ मेलेला आणि कुठला जिवंत हे तिथल्या तांडेलांना ठाऊक असते. पाण्याखाली काम करायचे प्रशिक्षण तारकर्लीत मिळते. हे वर्षातून दोनदा करायचे काम तिथल्याच पाणबुड्यांना द्यावे, आणि त्याची मजुरी प्रत्येक स्कूबाच्या तिकिटातून आधीच वेगळी काढून ठेवावी.